विश्लेषण : आईचा फोन हरवला की घर का अडते?

घरातली सगळ्यात हौशी गॅजेटवाली व्यक्ती आता अनेक घरांत आई असते. रोबो व्हॅक्यूम तीच आणते, स्मार्ट वॉच तिच्याच मनगटावर असते आणि नवे अ‍ॅपही आधी तिच्याच फोनवर उतरते. त्याच फोनवर हळूहळू साऱ्या घराचे ओटीपी, पास, दाखले आणि ग्रुप येऊन बसले आहेत. इतकी यंत्रे येऊनही तिचे काम का कमी झाले नाही आणि हा भार वाटून घ्यायचा तर नेमके काय बदलावे लागेल?

एका फोनवर किती घर असते?

समजा, डोंबिवलीत राहणारी, ठाण्यात नोकरी करणारी दोन मुलांची आई आहे. सकाळच्या गर्दीत ठाण्याला उतरताना तिच्या पर्सची चेन उघडी असल्याचे लक्षात येते. फोन गेलेला असतो. लोकलचा पास फोनमध्येच होता, त्यामुळे फलाटावर टीसी दिसला तरी धडधड वाढते. कार्यालयात पोहोचल्यावर हजेरीचे अ‍ॅप नाही. साडेअकराला घरी गॅसवाला येतो आणि आजींकडे डिलिव्हरीचा कोड मागतो. कोड चोरीला गेलेल्या फोनवर आलेला आहे, त्यामुळे भरलेला सिलिंडर जिना उतरून परत जातो. दुपारी शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो, की उद्या वारली चित्रासाठी गेरू आणि जाड कागद आणायचा आहे. ग्रुपचे नाव ‘मॉम्स ऑफ ४-ब’. बाबांना तो ग्रुप आहे हेच ठाऊक नसते. संध्याकाळी मुलीला सोडायला आलेले रिक्षाकाका सोसायटीच्या फाटकावर थांबून राहतात, कारण आत सोडण्याची परवानगी आईच्या फोनवरून द्यायची असते.

या साऱ्या वेळात बाबांचा फोन शाबूत असतो. घराचे एकही काम त्या फोनवाचून अडत नाही, म्हणून तो असून उपयोगही होत नाही.

नवा हँडसेट आणून प्रश्न लगेच सुटत नाही. हँडसेट दुकानात मिळतो, पण बाकी सारे मोबाइल क्रमांकाला बांधलेले असते. त्याच क्रमांकाचे दुसरे सिम घेतल्यावर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. नियम योग्यच आहे. चोराने परस्पर सिम काढून ओटीपी मिळवू नयेत म्हणून तो आहे. पण ज्या घराचे सगळे ओटीपी एकाच क्रमांकावर येतात, त्या घराला तो दिवसभर उपास घडवतो.

सगळे ओटीपी आईकडेच का?

असे कुणी बसून ठरवलेले नसते. शाळेच्या प्रवेश अर्जात संपर्कासाठी तिचा क्रमांक दिला, कारण फोन ती नक्की उचलेल. गॅसच्या नोंदणीतला क्रमांक बदलायचा होता, तेव्हा अ‍ॅप तिच्याकडे होते. सासऱ्यांच्या बँक खात्याला तिचा क्रमांक जोडला, कारण त्यांच्या साध्या फोनवरचे एसएमएस त्यांना वाचता येत नव्हते. गॅजेटची आवड असलेल्या आईच्या बाबतीत हे आणखी वेगाने होते. ‘तुला ते पटकन जमतं’ हे कौतुकाचे वाक्य दोन-चार वेळा उच्चारले गेले, की तिची नेमणूक पक्की होते. त्या पदाला पगार नाही, रजा नाही आणि राजीनाम्याची सोयही नाही.

तांत्रिक रचनाही याला हातभार लावते. आपल्याकडील डिजिटल व्यवस्था ‘एक क्रमांक म्हणजे एक माणूस’ असे गृहीत धरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये तर क्रमांक, सिम आणि हँडसेट यांची गाठ बांधलेली असते. अ‍ॅप सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो आणि त्या हँडसेटची ओळख पटते. सुरक्षेच्या दृष्टीने हे चोख आहे. पण प्रत्यक्षात घरे एका क्रमांकावर सहा माणसे चालवतात, आणि व्यवस्थेला ती सहा माणसे दिसत नाहीत.

याची दुसरी बाजू २०२५ च्या सप्टेंबरनंतर महाराष्ट्राने पाहिली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली आणि लाभार्थी महिलेबरोबरच तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला जाऊ लागला. एरवी घराला ओटीपी पुरवणारी बाई इथे दुसऱ्याच्या ओटीपीसाठी ताटकळली. ज्यांचे पती आणि वडील हयात नव्हते, त्यांची अडचण तर उघड होती. सरकारला मुदत वाढवावी लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरत असलेला मोबाइल असल्याचे सांगणाऱ्या महिला ५४ टक्के होत्या. म्हणजे काही घरांत सारे घर आईच्या क्रमांकावर उभे आहे, तर काही घरांत आईला स्वतःचा क्रमांकच नाही. दोन्हीकडे चूक एकच: क्रमांक कुणाच्या नावावर असावा, याचा विचार घरात कधी होतच नाही.

पूर्वी किल्ल्यांचा जुडगा कमरेला असणे म्हणजे घरातली सत्ता असे. ओटीपीचा जुडगा वॉचमनच्या जुडग्यासारखा असतो. दार उघडून द्यायचे, पण आत कुणी आणि कधी जायचे ते ठरवणार दुसराच.

यंत्रांनी काम वाचवले नाही?

वाचवले, हे आधी मान्य करायला हवे. धुणे बडवून हाताला घट्टे पडणे, पाटा-वरवंट्यावर वाटण करणे, रॉकेलच्या रांगा यांचे गोडवे गाणाऱ्यांनी ते कधी केलेले नसते. पण वाचलेले श्रम नेमके कुणाचे, हा प्रश्न अमेरिकी इतिहासकार रुथ श्वार्ट्झ कोवान यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ या १९८३ च्या पुस्तकात विचारला. त्यांनी दाखवलेली गंमत अशी, की उघड्या चुलाण्याच्या जागी लोखंडी शेगडी आली तेव्हा लाकूड कमी लागू लागले. लाकूड फोडणे हे पुरुषांचे काम होते, ते हलके झाले. रांधणे बाईचे होते, ते राहिलेच. पुढे कपडे धुण्याचे यंत्र आले, तसे कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. यंत्राने काम हलके केले आणि स्वच्छतेच्या अपेक्षेने ते पुन्हा भरून काढले.

मराठी घरांत याचे उदाहरण घरघंटीचे आहे. गिरणीत दळणाचा डबा टाकून येणे आणि तासाभराने आणणे हे बहुतेक घरांत मुलांचे काम असे, सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून. घरघंटी आली आणि गिरणीची फेरी वाचली. ती मुलांची वाचली. धान्य निवडणे आईकडेच होते. आता भरड किती हवी ते पाहणे, जाळी बदलणे आणि उडालेले पीठ पुसणे हेही तिच्याकडे आले.

फोनने हेच बँक आणि बिलांच्या बाबतीत केले. वीजबिलाच्या खिडकीसमोर उभे राहणे, पासबुक भरून आणणे, टेलिफोनचे बिल भरणे ही ‘बाहेरची कामे’ बहुधा वडिलांची असत. रांग गेली, काम अ‍ॅपमध्ये आले आणि अ‍ॅप आईच्या फोनमध्ये. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला घ्या. दर नोव्हेंबरात सासरे स्वतः बँकेत जात, ओळखीच्यांना भेटत, येताना भाजी आणत. २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीने हा दाखला फोनवरून देता येतो. ज्यांना जिना उतरणे अवघड आहे त्यांच्यासाठी ही सोय मोलाचीच. पण ती बहुतेकदा सुनेच्या फोनवरून घडते, रविवारी सकाळी, खिडकीच्या उजेडात सासऱ्यांना ‘बाबा, आता पापणी मिटा’ असे चार वेळा सांगत.

आकडेही याच दिशेने बोलतात. केंद्राच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या, २०२४ मध्ये २८९. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा याच काळात ९७ वरून ८८ मिनिटांवर आला. दहा मिनिटांत किराणा दारात येण्याची सवय शहरांना लागली ती याच पाच वर्षांत. त्यात स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ. दोघांमधले अंतर जिथल्या तिथे आहे.

रोबो व्हॅक्यूमचा अनुभवही यापेक्षा वेगळा नाही. यंत्र केर काढते हे खरे. पण त्याआधी जमिनीवरचे खेळणे, मोजे, चार्जरच्या वायरी उचलाव्या लागतात, नाहीतर वायर चाकात गुंडाळून ते पलंगाखाली अडकते आणि मदतीची हाक मारते. ती हाक अ‍ॅपवरून अर्थात तिलाच येते, बैठकीत असताना. जुन्या घरांतल्या उंच उंबरठ्यावर त्याचे काही चालत नाही आणि दारातली रांगोळी त्याला केर वाटते.

मोजले न जाणारे काम कोणते?

समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग केले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांनी मुलाखती घेतलेल्या जोडप्यांत निर्णय बरेचसे दोघांचे असत, पण पहिला आणि शेवटचा भाग प्रामुख्याने स्त्रिया सांभाळत होत्या. अभ्यास अमेरिकेतला असला, तरी ‘मला सांगितलं असतंस तर केलं असतं’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येते तिथे तो लगेच समजेल.

गॅजेट बहुतेकदा मधल्या भागात मदत करतात. पर्याय दाखवतात, मागणी नोंदवतात, पैसे भरतात. दूध संपत आले आहे, गॅलरीतले गणवेश पावसात भिजतील, लसीची तारीख परीक्षेच्या आठवड्यात येते आहे, हे ओळखणे अजून माणसाचेच काम आहे. कॅलेंडर आठवण करून देते, पण त्यात नोंद कुणीतरी करावी लागते. स्मार्ट स्पीकरला ‘यादीत हळद लिही’ असे सांगता येते, पण हळद संपली हे डबा उघडणाऱ्यालाच कळते. उलट लक्ष ठेवण्याचे काम अ‍ॅपनी वाढवले आहे. पूर्वी प्रगतिपुस्तक वर्षातून काही वेळा येई, आता शाळेचे अ‍ॅप रोज गृहपाठाचा लाल ठिपका दाखवते. स्मार्ट वॉच सकाळी सांगते की झोप साडेपाच तास झाली, जणू ती बातमी आहे.

हे काम सर्वेक्षणात नीट उतरतही नाही. वेळवापर सर्वेक्षणात दिवसाची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत होते आणि दहा मिनिटांहून कमी चाललेली कामे सहसा धरली जात नाहीत. ओटीपी सांगायला वीस सेकंद लागतात. मात्र ती वीस सेकंद कुठल्याही क्षणी मागितली जातील, या तयारीत दिवस जातो.

यात आणखी भर पडणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा आवश्यक आहे. त्यात शब्द ‘पालक’ असा आहे, पण संमतीची विनंती बहुतेक घरांत कुणाच्या फोनवर वाजेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग हौस हाच दोष?

मुळीच नाही. यंत्राशी खेळण्याचा आनंद पुरुषाला शोभतो आणि बाईने ते वापरायचे ते केवळ सोयीसाठी, ही समजूत जुनी आहे. जाहिरातींतली आई अजूनही मुलाकडून फोन शिकून घेते. प्रत्यक्षात राउटरचा पासवर्ड तिला पाठ असतो. तिची हौस तिची असावी. ऑडिओबुक, धावण्याचे अ‍ॅप, फोटो, जे तिला आवडते ते. अडचण होते ती हौसेला घराची चाकरी जोडली जाते तेव्हा. वाढदिवसाला मिळालेला नवा फोन दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या फाटकासाठी वाजू लागतो.

फोन जाण्याआधी काय करून ठेवावे?

पहिले काम सिमला पिन लावण्याचे. फोनला कुलूप असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि मग ओटीपी तिकडे येतात. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये तो आधी मागितला जातो. मात्र कंपनीचा मूळ पिन माहीत करून घेतल्याशिवाय प्रयोग करू नये. तीनदा चुकले की सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. दुसरे, कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणे बंद करावे. अनेक फोनवर ओटीपी कुलूप न उघडताच वाचता येतो. यूपीआय लाइटमध्ये एक हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात आणि त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते. रोज गर्दीतून प्रवास असेल तर तिथली शिल्लक मोजकीच ठेवावी.

गुगल खात्यासाठी दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावेत. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवणे म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणे. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांकही त्याच कागदावर हवा.

फोन गेलाच, तर आधी कंपनीला सांगून सिम बंद करावे, लगोलग बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व असे, की बँक किंवा ग्राहक यांपैकी कुणाचीही चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार येत नाही. पिन दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. पोलिसांत तक्रार केल्यावर तिची प्रत जोडून ‘संचार साथी’वर हँडसेट बंद करता येतो. तो मग देशातील कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. ही कामे करायला हाती दुसरा फोन लागतो, आणि बाबांच्या फोनचा पहिला खरा उपयोग तिथे होतो.

क्रमांक कसे वाटावेत?

एवढे केले तरी भार हलत नाही, फक्त धोका कमी होतो. भार हलवायचा तर नोंदणीकृत क्रमांक बदलावे लागतात. ‘मी मदत करतो’ याने ते होत नाही, कारण मदत करणारा पुन्हा ओटीपी विचारायला येतो. गॅस, वीज, सोसायटीचे अ‍ॅप आणि आजी-आजोबांची बँक यांपैकी निम्मी खाती सरळ बाबांच्या क्रमांकावर जावीत. सासऱ्यांच्या खात्याला त्यांच्या मुलाचा क्रमांक असणे अधिक स्वाभाविकही आहे. मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणाऱ्या फॅमिली लिंकमध्ये दुसऱ्या पालकालाही अधिकार देता येतात, म्हणजे ‘आणखी पंधरा मिनिटं’ ही विनवणी दोघांकडे जाते. पासवर्ड कुटुंबात वाटून घेण्याची सोय गुगल आणि अ‍ॅपल दोघांनी दिली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पासवर्ड पाठवण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कलची सोयही पाहण्यासारखी आहे. एका खात्यातून घरातल्या पाच जणांपर्यंत इतरांना पैसे देण्याची मुभा मिळते. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५ हजार आणि एका व्यवहाराला पाच हजारांची मर्यादा असते. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक व्यवहाराला मूळ खातेदाराने पिन टाकायचा. आजींना किंवा महाविद्यालयीन मुलाला पैसे द्यायचे असतील आणि खाते आईचे असेल, तर मर्यादा कमी ठेवून पूर्ण मुभा द्यावी. अर्ध्या मुभेत मुलगा कॅन्टीनमध्ये वडापाव घेईल आणि फोन आईचा वाजेल.

हे सारे एका दिवसात होणारे नाही. आधारला जोडलेला क्रमांक बदलायचा असतो, बँकेत अर्ज द्यावा लागतो, गॅससाठी वितरकाकडे कागद न्यावे लागतात. एखादा शनिवार त्यात जाईल, तो कुणाचा जावा हेही आधी ठरवलेले बरे. ‘मॉम्स ऑफ ४-ब’ या ग्रुपमध्ये बाबांचा क्रमांक घालायला मात्र केवायसी लागत नाही.